तीन नसांचे ब्लॉकेज आणि मधुमेह: स्टेंट टाकावेत की बायपास करावी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत बरोबर आहे का ते तुम्हाला कळेल. वडील ६३ वर्षांचे, रावेरकडे केळीची शेती, पंधरा-सोळा वर्षांचा मधुमेह. चालताना छाती भरून येते म्हणून अँजिओग्राफी केली. एलएडी, म्हणजे हृदयाच्या पुढच्या बाजूची मुख्य नस, तिच्या सुरुवातीलाच ९० टक्के ब्लॉक आणि त्याच नसेत पुढे आणखी दोन ठिकाणी ७०, सर्कमफ्लेक्स या डाव्या बाजूच्या दुसऱ्या नसेत ८०, आणि उजवी नस पूर्ण बंद. हृदयाचं पंपिंग ४५ टक्के. एका डॉक्टरांनी बायपास सांगितली, दुसरे म्हणाले चार-पाच स्टेंटमध्ये काम होईल. वडील म्हणतात, छाती फाडून घेणार नाही. आणि तुम्ही विचारता, या दोघांपैकी खरं कोण बोलतंय?

दोघंही खरं बोलत असतील. आजच्या साधनांनी अशा नसांत स्टेंट बसवता येतात, त्यात खोटं काही नाही. पण बसवता येणं वेगळं आणि पुढच्या दहा वर्षांत वडिलांच्या फायद्याचं काय, हे वेगळं. तुम्हाला उत्तर हवंय ते या दुसऱ्या प्रश्नाचं. मी स्वतः अँजिओप्लास्टी करणारा, म्हणजे स्टेंट टाकणारा डॉक्टर आहे, सर्जन नाही. हे आधीच सांगतो, कारण खाली माझा कल बायपासकडे दिसेल.

अँजिओग्राफीची फिल्म मी पाहिलेली नाही, त्यामुळे काही गोष्टी अधांतरी राहणार. ब्लॉकच्या पुढे नस किती जाड आहे, ती टाके घालण्याजोगी आहे का, किडनी आणि फुप्फुसं कशी आहेत, पूर्वी कधी लकवा येऊन गेला का, बंद उजव्या नसेच्या भागातला स्नायू जिवंत आहे की तिथे फक्त व्रण उरलाय, यातल्या एकेका उत्तराने माझं मत फिरू शकतं. तेव्हा खालचं सगळं "इतर तब्येत ठीक आहे" असं धरून वाचा.

आधी घाईबद्दल. चालू हार्ट अटॅकमध्ये, म्हणजे नस नुकतीच बंद होऊन स्नायू मरायला लागलेला असताना, स्टेंटला तोड नाही. तिथे मिनिटं मोजायची असतात आणि सर्जरीची वाट पाहत बसायचं नसतं. वडिलांचं तसं नाही. त्यांचं दुखणं चालल्यावर येतं, थांबल्यावर जातं, आणि महिनोन् महिने तसंच आहे. अशा स्थिर आजारात थोडे दिवस विचाराला घेता येतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया नावाच्या अभ्यासात पाच हजारांवर स्थिर रुग्ण होते. सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केलेले आणि आधी फक्त औषधांवर ठेवलेले, या दोन गटांत पुढच्या तीन-चार वर्षांत मृत्यूच्या प्रमाणात फरक आढळला नाही. छातीतलं दुखणं मात्र पहिल्या गटात जास्त कमी झालं. त्यामुळे "आत्ताच्या आत्ता टेबलावर घ्या, नाहीतर काही खरं नाही" असं कुणी म्हणालं, तर अँजिओग्राफीची सीडी घ्या, डिस्चार्ज घ्या आणि दुसरं मत घ्या. नुसत्या औषधांवर राहणं हासुद्धा एक खराखुरा पर्याय आहे. तरीही वडिलांना मी तो सुचवणार नाही. एलएडी सुरुवातीलाच अडलेली, तिन्ही नसांत आजार, पंपिंग थोडं उतरलेलं आणि औषध घेऊनही चालता येत नाही, या चारही गोष्टी एकत्र आल्या की रक्तपुरवठा वाढवलेला बरा.

आता मुख्य मुद्दा, जरा सविस्तर सांगतो.

रिपोर्टमध्ये ९०, ७०, ८० असे आकडे वाचून आपल्याला वाटतं की तेवढ्या चार-पाच जागा बिघडल्यात आणि बाकीची नस चांगली आहे. मधुमेहात असं क्वचितच असतं. फिल्म एका फ्रेमवर थांबवून मी नातेवाइकांना दाखवतो, तेव्हा तिथे सरळ गुळगुळीत काठ नसतोच. एलएडीचा काठ वाळवी लागल्यासारखा कुरतडलेला दिसतो. ज्याला आपण "ब्लॉक" म्हणतो ती त्यातली सगळ्यात अरुंद जागा एवढंच. अलीकडे-पलीकडे ३०-४० टक्क्यांचे थर पसरलेले असतात, आणि पुढचा अटॅक बऱ्याचदा त्यातलाच एखादा थर फुटून येतो.

स्टेंट अरुंद जागा उघडतो. तिथे तो काम चोख करतो, पण त्याच्या दोन सेंटिमीटर अलीकडे किंवा पलीकडे उद्या नवा थर फुटला, तर तिथे त्याचा उपयोग नाही. बायपासमध्ये आजारी भागाला हातच लावत नाहीत. नवी नस त्या सगळ्या भागाच्या पुढे, चांगल्या जागी जोडतात. तुमच्या शेतातली जुनी पाइपलाइन गाळाने जागोजागी अडली असेल, तर एक-दोन ठिकाणी उकरून तेवढे तुकडे बदलता येतात, किंवा विहिरीपासून थेट शेवटच्या वाफ्यापर्यंत नवी लाइन टाकता येते. नव्या लाइनीनंतर जुनीत आणखी कुठे गाळ साचला, तरी वाफ्याला पाणी मिळत राहतं. आजार जितका पसरलेला, तितका या फरकाला अर्थ येतो. एका नसेत एकच ब्लॉक असेल, तर त्याला फारसा अर्थ उरत नाही. म्हणूनच तुमच्या शेजाऱ्यांचं एका स्टेंटवर उत्तम चाललंय, हे ऐकून वडिलांचा निर्णय करू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे छातीच्या हाडालगत, आतल्या अंगाला डाव्या बाजूने जाणारी एक धमनी. सर्जन तिला लिमा म्हणतात. तिच्यात चरबीचे थर जवळजवळ धरतच नाहीत. तिच्या भिंतीतला लवचीक पडदा बराच सलग असतो आणि अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड भरपूर सुटतो, त्यामुळे ती मोकळी राहते. ही धमनी एलएडीला जोडली की दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊ रुग्णांत ती चालू सापडते. माझ्या हातातल्या कुठल्याही स्टेंटबद्दल मी असं म्हणू शकत नाही. एलएडी हृदयाच्या सगळ्यात मोठ्या भागाला रक्त देते, म्हणून बायपासचा बराचसा फायदा या एका जोडणीत आहे.

पायातून काढलेल्या नसेची गोष्ट वेगळी. ती शीर आहे, धमनीचा दाब सोसायला बनलेलीच नाही. दहा वर्षांत अशा नसांपैकी जवळपास निम्म्या बंद पडतात. म्हणून सर्जनला जरूर विचारा की लिमा वापरणार ना, आणि बाकीच्या ठिकाणी उजवीकडची तशीच धमनी किंवा हातातली रेडियल धमनी वापरता येईल का. मधुमेहात दोन्ही बाजूंच्या छातीच्या धमन्या काढल्या तर हाड भरून यायला त्रास होण्याची भीती असते, त्यामुळे तो निर्णय सर्जनवर सोडा. पण प्रश्न विचारलेला चांगला.

हे झालं तर्काचं. आता माणसांवर काय दिसलं ते.

वडिलांसारख्याच रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचं नाव फ्रीडम, निकाल २०१२ मध्ये आले. १,९०० मधुमेही रुग्ण, सगळ्यांच्या एकाहून जास्त नसांत ब्लॉकेज, बहुतेकांच्या तिन्ही नसांत. निम्म्यांना औषधी (औषधाचा लेप असलेले) स्टेंट, निम्म्यांना बायपास. पाच वर्षांत मृत्यूचं प्रमाण स्टेंट गटात १६.३ टक्के, बायपास गटात १०.९. हार्ट अटॅक स्टेंट गटात १३.९ टक्के, बायपास गटात ६. एका बाबतीत मात्र बायपास मागे पडली: लकवा. तो बायपास गटात ५.२ टक्क्यांना झाला, स्टेंट गटात २.४ टक्क्यांना. हा आकडा कुणी सांगितला नसेल तर आता लक्षात ठेवा, कारण बायपासच्या बाजूने बोलताना तो गाळला जातो.

मधुमेह असो-नसो, सरसकट रुग्ण घेतलेला सिंटॅक्स नावाचा अभ्यास त्याआधीचा. त्यातल्या रुग्णांचा दहा वर्षांनी मागोवा घेतला, तेव्हा तीन नसांच्या आजारात स्टेंट गटातले २८ टक्के आणि बायपास गटातले २१ टक्के रुग्ण दगावलेले होते. याच अभ्यासातून सिंटॅक्स स्कोअर आला. ब्लॉक किती, कुठे, फाट्यावर आहेत का, चुना धरलाय का, नस पूर्ण बंद आहे का, हे मोजून एक आकडा काढतात. २२ पर्यंत सोपा आजार, ३३ किंवा त्याहून जास्त म्हणजे किचकट. वडिलांची उजवी नस पूर्ण बंद आणि एलएडीत तीन ठिकाणी अडथळे, म्हणजे स्कोअर कमी येईल असं मला वाटत नाही. दोन्ही डॉक्टरांना तो विचारा. फिल्म समोर ठेवून तो काढायला फार वेळ लागत नाही.

स्टेंटची बाजू घेणारे डॉक्टर यावर म्हणतील, हे जुन्या स्टेंटचे आकडे आहेत. आक्षेप रास्त आहे. आजचे स्टेंट पातळ तारांचे आहेत, त्यांवरची औषधं सुधारली, नसेच्या आत छोटा कॅमेरा किंवा सोनोग्राफी घालून स्टेंट नीट फुलला का ते बघता येतं. फेम-३ या अभ्यासात नवे स्टेंट, तेही नसेतला दाब मोजून गरज असेल तिथेच टाकलेले, बायपासशी ताडून पाहिले. पहिल्या वर्षात बायपास सरस ठरली. पाच वर्षांनी मृत्यूचं प्रमाण दोन्हीकडे सारखं होतं, हार्ट अटॅक आणि पुन्हा प्रोसिजर करावी लागणं स्टेंट गटात जास्त. अंतर कमी झालंय, हे मी मान्य करतो. पण त्या अभ्यासात मधुमेही एक तृतीयांशाहून कमी होते. मधुमेह आणि तीन नसा एकत्र असतील, तर बायपासचा सल्ला बदलावा असं मला अजून कुठे दिसलेलं नाही.

वडिलांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे ती पूर्ण बंद उजवी नस. अशी जुनी बंद नस तारेने उघडणं हे वेगळं कौशल्य आहे. वेळ लागतो, डाय (नसा एक्स-रेत दिसाव्यात म्हणून सोडतात तो द्रव) जास्त जातो आणि प्रत्येक कॅथ लॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करायच्या खोलीत, ते होत नाही. "चार-पाच स्टेंट" म्हणणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा: उजवी नस उघडणार आहात की सोडून देणार? सोडणार असतील, तर तुलना तीन जोडण्यांची बायपास आणि अर्धवट राहिलेली अँजिओप्लास्टी यांच्यात आहे. शिवाय सगळ्या स्टेंटची मिळून लांबी किती होणार तेही विचारा. एकट्या एलएडीत ६०-७० मिलिमीटर धातू बसणार असेल, तर तिथे पुन्हा नस अरुंद होण्याचा धोका वाढतो, आणि पुढे कधी बायपास करायची वेळ आलीच, तर टाके घालायला मोकळी जागा उरत नाही.

मग याच फिल्मवर मी स्टेंट कधी निवडेन? वय ८० च्या पुढे आणि शरीर खंगलेलं असेल तर. फुप्फुसं खराब असतील, भुलीतून बाहेर आल्यावर श्वासाचं मशीन सुटेल का अशी शंका असेल तर. महाधमनीला चुना धरला असेल किंवा मानेच्या नसा अरुंद असतील, तर लकव्याचा धोका तराजू फिरवतो. ब्लॉकच्या पुढची नस धाग्यासारखी बारीक असेल, तर सर्जन स्वतःच नको म्हणतील. मधुमेहींमध्ये हे नेहमी दिसतं. किडनी अधू असेल तर दोन्हीकडे धोका आहे, तिथे एकेका रुग्णाचा स्वतंत्र विचार लागतो. आणि सगळं समजावून सांगूनही रुग्ण बायपासला ठाम नकार देत असेल, तर नीट केलेली अँजिओप्लास्टी काहीच न करण्यापेक्षा बरी. पण "सगळं समजावून सांगूनही" हे शब्द महत्त्वाचे आहेत. कॅथ लॅबमध्ये आडव्या पडलेल्या माणसाला "स्टेंट टाकू का?" विचारून मिळालेला होकार मी होकार धरत नाही. तीन नसांचा आजार दिसला की रुग्णाला टेबलावरून खाली उतरवावं, सर्जनला बोलवावं आणि सगळ्यांनी मिळून फिल्म बघावी.

वडिलांच्या भीतीबद्दल. तिला हसू नका, आणि "काही होत नाही हो" म्हणून उडवूनही लावू नका. त्यांना नेमकं काय होणार ते सांगा. छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी बांधतात. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी हृदय चालू ठेवूनच जोडण्या करतात. पहिले एक-दोन दिवस आयसीयू. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास ते खुर्चीत बसलेले असतील, खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरतील, आणि फिजिओथेरपिस्ट श्वासाच्या व्यायामाचं, तीन छोट्या चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं यंत्र तोंडाला लावायला सांगून सांगून पिच्छा पुरवतील. ते जरूर करायचं, न्यूमोनिया टाळायला त्याची मदत होते. बऱ्याच जणांचे ठोके दोन-तीन दिवस अनियमित होतात, औषधाने बहुतेकदा जागेवर येतात. साधारण आठवड्याभरात घरी. नस काढलेला पाय सुजतो, छातीच्या डाव्या बाजूला महिनोन् महिने बधीरपणा राहतो. हाड जुळायला सहा ते आठ आठवडे, पूर्ण ताकद यायला तीन महिने. तोवर मोटारसायकल नाही, ट्रॅक्टर नाही, केळीचा घड उचलणं तर नाहीच. एक गोष्ट मात्र कुणी आगाऊ सांगत नाही: पहिल्या महिन्यात माणूस हळवा होतो, जेवण जात नाही, विनाकारण रडू येतं. घरच्यांनी घाबरू नये, बहुतेकांचं ते ओसरतं. लांबलं तर डॉक्टरांना सांगा.

जिवाचा धोका किती, हे वडील विचारतीलच. त्यांच्या वयाच्या, बाकी तब्येत ठीक असलेल्या रुग्णाला चांगल्या केंद्रात नियोजित बायपासमध्ये साधारण शंभरात एक-दोन. मधुमेहात जखम चिघळण्याचा धोका जास्त, म्हणून ऑपरेशनआधी साखर ताब्यात आणायची आणि तंबाखू, बिडी, मिश्री काहीही असेल ते आजपासून बंद. माझ्या अनुभवात, वडिलांच्याच वयाचा, बायपास होऊन वर्ष झालेला गावातला माणूस घरी येऊन शर्टाची बटणं काढून व्रण दाखवतो, तेव्हा डॉक्टरच्या दहा वाक्यांहून जास्त धीर येतो. असा कुणी असेल तर बोलवा.

स्टेंटनंतर मनगटातून नळी काढून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी येता येतं, हा मोठा फायदा आहे. मी तो कमी लेखत नाही. पण रक्त पातळ ठेवण्याच्या दोन गोळ्या किमान सहा महिने, काहींना वर्षभर, एकही दिवस न चुकवता घ्याव्या लागतात. दात काढायचाय म्हणून किंवा गोळ्या संपल्या म्हणून मध्येच बंद केल्या आणि स्टेंटमध्ये गुठळी झाली, असे रुग्ण दरवर्षी येतात. आणि बायपास करा किंवा स्टेंट टाका, अॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी, रक्तदाब आणि साखरेची औषधं आयुष्यभर. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ५५ च्या खाली ठेवायचा प्रयत्न. ऑपरेशन झालं म्हणून गोळ्या सोडल्या, तर नव्या नसाही बंद होतात.

खर्चाबद्दल थोडक्यात. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली, पुढे ती बदलत राहिली. पण चार-पाच स्टेंट, बलून, तारा, कॅथ लॅबचा खर्च आणि पुढे पुन्हा प्रोसिजर लागण्याची शक्यता धरली, तर "स्टेंट स्वस्त" हा समज या आजारात टिकत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दोन्ही उपचार बसतात. अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार घेऊन भेटा.

थोडक्यात, कागदावर जे दिसतंय त्यावरून मी बायपासकडे झुकतो, आणि त्याची कारणं तीन: मधुमेह, तिन्ही नसा आणि सुरुवातीलाच अडलेली एलएडी. हे मत पक्कं करण्याआधी किडनीसाठी क्रिएटिनिन, फुप्फुसांची तपासणी, मानेच्या नसांचा डॉप्लर, ताजा इको (हृदयाची सोनोग्राफी), आणि ब्लॉकच्या पुढच्या नसांबद्दल सर्जनचं मत हवं. अँजिओप्लास्टी करणारा एक डॉक्टर आणि एक हृदय सर्जन, दोघांनी एकाच खोलीत बसून फिल्म पाहावी असा आग्रह धरा. मोठ्या रुग्णालयांत ही पद्धत आहे, तुम्ही मागितलंत तर कुणाला राग यायचं कारण नाही.

तारीख ठरली की औषधांची यादी सर्जनला दाखवा. रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेल साधारण पाच दिवस आधी थांबवतात, साखरेसाठी डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल तर तीन दिवस आधी. अॅस्पिरिन बहुधा चालूच ठेवतात. यातलं काहीही आपल्या मनाने थांबवू नका. आणि या मधल्या दिवसांत बसल्या जागी छातीत दुखलं, घाम फुटला, किंवा छातीदुखीवरची सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवून पाच मिनिटांतही थांबलं नाही, तर माझं वरचं "थोडे दिवस विचाराला घ्या" लागू राहत नाही. तेव्हा लगेच १०८ ला फोन करा, आणि जिथे कॅथ लॅब चालू आहे तिथेच न्या.